वही भरली, मन का भरत नाही?

पत्र थोडक्यात: लिहिणारी मुलगी २४ वर्षांची आहे. पुण्यात आई, बाबा आणि आजीसोबत राहते, नोकरी करते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून तिने जेवण तोडायला सुरुवात केली. पुढे दिवसभर उपाशी राहायचं, संध्याकाळी एकदम खूप खायचं आणि मग मुद्दाम उलटी काढायची, हे चक्र चार वर्षं चाललं. गेले दहा महिने खाण्याच्या या आजारावर मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ यांचे उपचार चालू आहेत. पाच महिन्यांत एकदाही उलटी काढलेली नाही, पाळी परत सुरू झाली आहे. घरच्यांच्या लेखी ती बरी झाली. एक व्हिडिओ पाहून ती रोज रात्री जेवणानंतर कृतज्ञतेच्या वहीत तीन गोष्टी लिहू लागली. दोन वह्या भरल्या. ती लिहिते: "लिहिताना काहीच वाटत नाही, किंवा नुसती शरम वाटते. आईने माझ्यासाठी चार महिने बिनपगारी रजा काढली. लोकांना खायला मिळत नाही आणि मी अन्न वाया घालवत होते. एवढं सगळं मिळूनही आनंद होत नाही, म्हणजे मी कृतघ्नच ना? आणि खरं सांगू, कधीकधी तो आजारच हवासा वाटतो. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे. त्याआधी आमच्याकडे आणि मामाकडे केळवण. सगळ्यांना हसरी मी हवी आहे. ती कुठून आणू?"

प्रिय मैत्रिणी,

तू स्वतःला कृतघ्न म्हणतेस. तिथूनच सुरुवात करू, कारण तुझ्या पत्रातलं सगळं ओझं त्या एका शब्दावर आहे. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. शब्दाचा अर्थ तेवढाच. आईने किती महिने रजा काढली, ती बिनपगारी होती, हे तुला नेमकं माहीत आहे. पत्रात आकड्यासकट लिहिलं आहेस. जाणणं याहून वेगळं काय असतं? कृतज्ञता तुझ्यापाशी आहे. नाही तो आनंद. आणि 'एवढं मिळालं म्हणजे आनंद झालाच पाहिजे, तो चेहऱ्यावर दिसलाही पाहिजे, नाहीतर मी वाईट' अशी या दोन गोष्टींची गाठ तू मारून ठेवली आहेस. उपकार फेडायचे असतात, ही आपली बोलायची रीत. तू ते हसून फेडायला निघाली आहेस. म्हणून रोज रात्री वही उघडली की सावकारापुढे हिशेब द्यायला बसल्यासारखं होतं.

आनंदाचं काय, ते पाहण्याआधी जरा शरीराकडे बघू. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धानंतर युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना कसं खाऊ घालावं, हे त्यातून समजून घ्यायचं होतं. मुलं स्वेच्छेने आलेली, तब्येतीने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेली. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. काही आठवड्यांतच ती चिडचिडी झाली, मित्रांना टाळू लागली, हसणं-खिदळणं गेलं, वाचनात लक्ष लागेना. पाककृतींची पुस्तकं मात्र तासन्‌तास चाळू लागली. आता तुझ्यासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे. जेवण वाढवल्यावर त्यांची मनं लगेच ताळ्यावर आली नाहीत. काही जण तर खाणं वाढल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत आणखी खिन्न झाले. वजन, भूक आणि मनःस्थिती यांचं गाडं रुळावर यायला बऱ्याच जणांना कित्येक महिने लागले. त्यांना आजार नव्हता, बारीक व्हायची इच्छा नव्हती, आणि सगळी उपासमार २४ आठवड्यांची. तुझी चार वर्षांची. दहाव्या महिन्यात आनंद उगवला नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस.

त्यावर एक प्रश्न विचारायचा आहे. 'उलटी थांबली' हे तुझ्या पत्रात आहे. 'पुरेसं खाते' हे कुठेच नाही. दोन्ही एक नाहीत. उलटी बंद झाली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि मधली खाणी हळूहळू गळायला लागतात, ते कोणाच्या लक्षात येत नाही. या टप्प्यावर साधारण घडी अशी असते: तीन जेवणं, दोन ते तीन मधली खाणी, उठल्यापासून तासाभरात पहिलं खाणं, आणि जागेपणी दोन खाण्यांत तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. ऑफिसच्या दिवसात हे बसवायचं तर नऊच्या आत पोहे, उपमा किंवा थालीपीठ-दही, अकराच्या सुमारास केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, दीडला डबा, साडेचार-पाचला पोटाला आधार होईल असं काही, नुसता चहा नाही, साडेआठला जेवण, झोपायला उशीर असेल तर कपभर दूध. डब्यात आणि ताटात चार गोष्टी असाव्यात: पोळी, भाकरी किंवा भात; डाळ, उसळ, अंडं किंवा पनीर; भाजी; आणि तेल-तूप. चौथी गोष्ट सगळ्यांत आधी गळते, म्हणून ती मोजून सांगितली. प्रमाण आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेलं, त्यात आपल्या मनाने कपात नको. आणि 'भूक लागली तरच खावं' हा सल्ला सध्या तुझ्यासाठी नाही. इतक्या वर्षांत भुकेची घंटा बिघडलेली असते, कधी वाजतच नाही आणि वाजली की थांबत नाही. ती दुरुस्त होईपर्यंत घड्याळ बघून खायचं.

गडबड बहुतेक वेळा पाचच्या खाण्याला होते. मीटिंग लांबते, ट्रॅफिक लागतं, आणि दीडचा डबा ते साडेआठचं जेवण असं सात तासांचं अंतर पडतं. मग ताटावर बसताना एकीकडे कडकडीत भूक, दुसरीकडे 'आता सुटले तर थांबणार नाही' ही भीती. जेवण झाल्यावर पोट गच्च. बरीच वर्षं कमी खाल्लेल्या माणसाचं पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे साध्या जेवणानंतरही तासन्‌तास फुगल्यासारखं वाटू शकतं. पोटाची ही चाल नियमित खाण्यानेच सुधारते, घाबरून रात्रीचं जेवण कमी केलं की पुन्हा मागे जाते. आणि नेमक्या याच घटकेला, दिवसातल्या सगळ्यांत अवघड तासाला, तू वही काढतेस आणि पहिल्या ओळीत बहुधा 'पोटभर अन्न मिळतं' असं लिहितेस. शरम नाही वाटणार तर काय?

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक डबा ठेव. चिवडा, शेंगदाणे-गूळ, खजूर, लाडू, काय ते आहारतज्ज्ञाला विचारून. पाचला फोनवर गजर. रात्रीच्या जेवणानंतर पाऊण ते एक तास एकटं राहायचं नाही आणि बाथरूमला जायचं असेल तर ते जेवणाआधी. त्या तासात हाताला काम हवं: मटार सोलणं, लसूण सोलणं, वाळलेले कपडे घड्या घालणं, आजीला पेपर वाचून दाखवणं. पोट फारच जड वाटलं तर गरम पाण्याची पिशवी.

आणखी एक काम या आठवड्यात कर. पुढच्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांना सरळ सांग की बरं वाटत नाही, आनंद होत नाही, इतके आठवडे झाले. खाण्याच्या आजारासोबत नैराश्य बऱ्याचदा असतं आणि त्याचा वेगळा उपचार करता येतो. गोळी सुरू केली किंवा डोस बदलला तर तो तुझा पराभव नव्हे. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड या तपासण्या अलीकडे झाल्या नसतील तर कराव्यात का, हेही विचार. बी-१२ फार कमी असेल तर माणूस मलूल होतो, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं काही नवलाचं नाही. बी-१२ कमी असलेल्या मुलीने कृतज्ञतेची वही कितीही मनापासून लिहिली तरी थकवा जात नाही.

आता वही. ती वाईट नाही, तिची वेळ आणि रीत चुकली आहे. या वह्यांचा बोलबाला ज्या अभ्यासामुळे झाला तो रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या, असं दहा आठवडे. रोज रात्री नव्हे. २००५ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा लिहिणारे आणि तीनदा लिहिणारे यांची तुलना मांडली, तेव्हा फायदा दिसला तो एकदा लिहिणाऱ्यांत. रोजच्या रोज केलं की त्याचा रतीब होतो. तुझ्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ज्या मनाने चार वर्षं घासांचा हिशेब ठेवला, त्याला कोणतीही मोजायची गोष्ट दिली की ते तिचा नेम करून टाकतं: रोज तीन म्हणजे तीनच, एक दिवस चुकला की अपराध. वहीचं वजनकाट्यात रूपांतर होतं. आणि हेही ध्यानात ठेव की त्या विद्यार्थ्यांना हा आजार नव्हता. वही हा तुझा उपचार नाही. उपचार म्हणजे पाचचा लाडू.

तेव्हा दोन्ही भरलेल्या वह्या कपाटात वर ठेवून दे, आणि तिसरी अशी चालव. आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, नाश्त्यानंतर तासाभराने. पहिले दोन महिने तीन विषय वर्ज्य: अन्न, शरीर, आणि आपण स्वतःवर ठेवलेला ताबा. 'मला अमुक मिळालं' असं लिहायचं नाही. कोणी काय केलं ते क्रियापदासकट लिहायचं, वार आणि जागा घालून. आणि त्याच वाक्यात तुला जे वाटलं ते, बरं असो वा वाईट, 'आणि' घालून जोडायचं. 'पण' घालायचा नाही.

तुझ्या जुन्या पानावर बहुधा असं असेल: 'चांगलं कुटुंब. पोटभर अन्न. आरोग्य सुधारतंय.' यातलं एकही वाक्य तुझंच असं नाही, कोणाच्याही वहीत खपेल. आता नवं पान कसं दिसेल ते बघ: 'मंगळवारी रात्री बाबांनी जेवताना क्रिकेटची मॅच लावली आणि शेवटपर्यंत माझ्या ताटाकडे पाहिलं नाही. मला कळलं की ते मुद्दाम पाहत नाहीयेत, आणि मला रडू आलं.' बस, एक नोंद पुरे. यात आनंद झाला असं कुठे म्हटलेलं नाही. केलेलं जाणलं, एवढंच. वाटणं त्याच्या मागून येतं, कधी त्याच आठवड्यात, कधी दोन महिन्यांनी पान उलटताना. एखाद्या रविवारी काहीच सुचलं नाही तर तारीख घालून पान कोरं सोड. आणि वहीच्या मागच्या बाजूने तक्रारींची पानं सुरू कर. आजी वजनावरून बोलली, समुपदेशकाने वेळ बदलली, चार वर्षं फुकट गेली याचा संताप आला, सगळं तिथे. ज्या वहीत राग लिहायची मुभा नाही, तिच्यातलं कौतुक खोटं वाटू लागतं.

दोन महिन्यांनी शरीराविषयी लिहायला हरकत नाही, पण 'मला माझं शरीर आवडतं' असलं काही नको. ते आत्ता खरं नसेल, आणि खोटं लिहिलं की आतून कोणीतरी हसतं. शरीर काय करतंय ते लिही. रात्री पाय गार पडत नाहीत. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. विंचरताना कंगव्यात केसांचा गुंता कमी येतो. (हे शेवटचं उशिरा दिसतं. केस गळती शरीरावरच्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि थांबतेही तशीच सावकाश, त्यामुळे मधेच खूप केस गेले तर उपचार उलटले असं समजू नकोस.) जुन्या मापाची जीन्स 'कधीतरी' म्हणून कपाटात ठेवली असशील तर ती आधी घराबाहेर जाऊ दे. घरी वजनकाटा असेल तर तोही. वजन दवाखान्यात, त्यांनी ठरवलेल्या दिवशी.

अन्न वाया घालवल्याची टोचणी तुला फार आहे. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारी माणसं, पानात टाकू नये हे लहानपणापासून ऐकलेलं. कावीळ झालेल्या माणसाच्या पोटात जेवण टिकलं नाही तर कोणी त्याला अन्नाचा अपमान म्हणत नाही. तू म्हणशील, त्याची उलटी आपोआप होते, माझी मुद्दाम होती. पण उपाशी शरीर संध्याकाळी अन्नावर तुटून पडतं आणि भेदरलेलं मन ते परतवायला धावतं, ही साखळी इतकी ठरावीक आहे की १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी आपल्या रुग्णांवरून तिचं वर्णन केलं, तिला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिलं, आणि ते वर्णन पुण्यातल्या तुलाही लागू पडतं. तुझ्या संस्कारांत खोट नव्हती. आणि उपाशी माणसांची आठवण काढून तू स्वतःला शरमेत टाकलंस तर त्यांच्या ताटात काही पडत नाही; तुझं पाचचं खाणं मात्र त्या दिवशी चुकतं. त्यांच्यासाठी काही करावंसं मनापासून वाटत असेल तर तो विषय पुढच्या वर्षी काढू, तेव्हा तुझ्या अंगात बळ असेल.

आईशी बोल. जेवणाच्या टेबलावर नको. गाडीतून जाताना किंवा गच्चीत कपडे वाळत घालताना, समोरासमोर न बसता. वाक्य साधं असू दे: "आई, तू काय काय केलंस ते मला सगळं दिसतं. मला अजून आनंद होत नाही, आणि तो तुझ्यामुळे नाही. मी हसत नाही तेव्हा घाबरून जाऊ नकोस." आईलाही तुझ्या हसण्याची घाई झाली असणार, कारण तुझा चेहरा हेच तिचं मोजमाप आहे. तिला दुसरं मोजमाप दे. आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हण, तू तिला तीन गोष्टी आपणहून सांगायच्या: किती खाणी चुकली, उलटी काढावीशी वाटली का, झोप कशी आहे. बाकी सहा दिवस तिने विचारायचं नाही.

हे वाचणाऱ्या आयांसाठी आणि बाबांसाठीही थोडं. 'तब्येत सुधारली हो', 'छान अंग धरलंस' हे कौतुक आजारी मनाला 'जाड झालीस' असंच ऐकू येतं, तेव्हा शरीरावर चांगलंही बोलू नका. ताटाकडे बघत बसू नका. ठरलेल्या प्रमाणाबाहेर 'अजून एक घास' नको, आणि ठरलेल्यात सूटही नको. 'आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य रागाच्या भरातही टाळा. ते मूल स्वतःला रोज ऐकवतच असतं. मुलगा असेल आणि तो जिमच्या नावाखाली पोळी-भात बंद करून बसला असेल, तर त्यालाही हे सगळं लागू आहे; मुलग्यांचा आजार उशिरा ओळखला जातो एवढाच फरक.

आजीचा वेगळा मुद्दा आहे, कारण घरात आजी म्हणजे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार. उपास या आजाराला फार सोयीचा पडतो. साबुदाण्याच्या खिचडीत तसं काही वाईट नाही. धोका आहे तो उपाशी राहायला सगळ्यांसमोर मान्यता मिळण्याचा, वरून कौतुक होण्याचा. उपचार करणारे स्वतःहून हो म्हणेपर्यंत एकही उपास नको, नवरात्राचा तर नाहीच. आजीला समजवायला सोपं आहे. आजाऱ्याला, लहानांना, बाळंतिणीला उपास नसतो, हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. "डॉक्टरांनी वेळेवर जेवायला सांगितलंय, औषध चालू आहे," एवढं पुरतं. देवापुढे दिवा लावायला, आरती म्हणायला कोणी अडवलेलं नाही.

आजार हवासा वाटतो, हे तू पत्राच्या शेवटाकडे, कबुलीजबाब दिल्यासारखं लिहिलं आहेस. हे बरं होणाऱ्या खूप जणींना वाटतं, आणि बहुतेकजणी ते कोणाला सांगत नाहीत. त्या आजाराने तुला काहीतरी दिलं होतं. उपाशी असताना दुःख बोथट व्हायचं असेल. दिवसाला एक नियम होता, एक लक्ष्य होतं. 'किती बारीक झालीस!' असं लोक म्हणायचे. ते सगळं गेलं आणि त्या जागी अजून काही आलेलं नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या उपचारकांनी यासाठी एक रीत वापरली, तिच्यावरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला: आजाराला दोन पत्रं लिहायची, एक मैत्रीण समजून, एक वैरीण समजून. तू हे समुपदेशकाच्या भेटीच्या आदल्या दिवशी कर, एकटीने रात्री नको. मैत्रिणीच्या पत्रात तिने काय काय दिलं ते प्रामाणिकपणे लिही, लाजू नकोस. वैरिणीच्या पत्रात काय नेलं ते: परीक्षेच्या तारखा, दातांचं एनॅमल, ती सहल जिला तू गेली नाहीस. दोन्ही पत्रं घेऊन जा. पहिल्या पत्रातली एकेक ओळ हे तुमचं पुढच्या महिन्यांचं काम. 'ती मला गप्प करायची' असं लिहिलं असेल तर गप्प व्हायचे दुसरे कोणते मार्ग आहेत, 'ती मला शाबासकी मिळवून द्यायची' तर शाबासकी आणखी कशाची मिळू शकते.

आजाराची ओढ एक आणि जगावंसं न वाटणं वेगळं. दुसरं कधी वाटलं तर त्याच दिवशी घरी सांगायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेली-मानस क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आनंदाबद्दल एवढंच म्हणेन की तो मागवून येत नाही, पण यायला वाट करून ठेवता येते. लहानपणी, या सगळ्याच्या आधी, तू काय करत होतीस? खाण्याशी, दिसण्याशी, मार्कांशी संबंध नसलेलं काहीतरी असेलच. समज, पेटी वाजवायचीस. तर आठवड्यातून दोन संध्याकाळी पंधरा मिनिटं, खोलीचं दार उघडं ठेवून. सुरुवातीला भात्यातून धूळ येईल आणि बोटं चुकतील. बसण्याआधी शून्य ते दहात एक आकडा मनात धर, उठताना दुसरा. दोनाचे तीन झाले तर ते पुष्कळ आहे. दोनाचे दोनच राहिले तरी तो दिवस वाया गेला नाही. चार-सहा आठवड्यांनी मागे वळून बघायचं. फक्त लगेच क्लास लावून परीक्षेचा फॉर्म भरू नकोस. तुझ्या मनाला नेम करायची खोड आहे, ती पेटीलाही सोडणार नाही.

आता केळवण. आपल्याकडे केळवण म्हणजे ताटाभोवती रांगोळी, पाच-सहा पदार्थ, आणि आग्रह. जेवणावर सगळ्यांचे डोळे असावेत अशीच ती रीत आहे, त्यामुळे तुला भीती वाटते यात नवल नाही. सगळ्यांत मोठी चूक होते ती सकाळी: 'दुपारी खूप होणार' म्हणून नाश्ता सोडणं. त्या दिवशी नाश्ता आणि अकराचं खाणं नेहमीसारखं, थोडंही कमी नाही. काय बनणार आहे ते आईला आदल्या दिवशी विचारून घे आणि आपल्या ताटात काय घ्यायचं ते आहारतज्ज्ञाशी फोनवर ठरव, त्यात एक गोड पदार्थ धरून. वाढणाऱ्याचा हात आधीच अडवायचा असेल तर "आधी हे संपवते, मग मागून घेते" हे वाक्य उपयोगी पडतं. "नको" म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. तुझ्या शेजारी विश्वासातलं एक माणूस बसव, बाबा किंवा एखादी बहीण, आणि एक खूण ठरवा. तू खूण केलीस की त्याने तुला काहीतरी आणायला म्हणून उठवायचं, दोघांनी पाच मिनिटं गॅलरीत. कोणी म्हणेलच, "अगं, आता कशी छान भरलीस!" त्यावर "हो, बरी आहे. मामी, तुमचा गुडघा कसा आहे?" असं विचार. गुडघ्याचा विषय सहसा अर्धा तास जातो. जेवणानंतरचा तास बहिणीच्या रुखवताच्या कामात घाल, हात गुंतलेले आणि माणसं आजूबाजूला.

हसण्याचं बंधन नाही. बहिणीला तुझं हसू नको असेल, तू हवी असशील. तिला आधीच सांगून ठेवलंस की "मी येणार आहे, कदाचित गप्प असेन," तर तुझं अर्धं ओझं उतरेल.

आणि समजा घसरलीस. जास्त खाल्लं गेलं, किंवा पाच महिन्यांनी उलटी काढली. तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून काहीही तोडायचं नाही. पुढचं खाणं त्याच्या वेळेला, ठरलेलं तेवढंच. उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, आम्लाने मऊ झालेलं एनॅमल त्याने घासून निघतं. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भर, ब्रश तासाभराने. एकदा झालं तर पुढच्या भेटीत सांग. आठवड्यात दुसऱ्यांदा झालं किंवा सलग दोन दिवस खाणी चुकली तर भेटीची वाट न पाहता फोन कर. छातीत धडधड, चक्कर, पायांत पेटके किंवा उलटीत रक्त असेल तर त्याच वेळी दवाखान्यात जायचं आणि उलट्यांचं खरं सांगायचं, म्हणजे ते पोटॅशियम आणि ईसीजी लगेच बघतील.

केळवणाच्या रात्री घरी आल्यावर वही उघडू नकोस. दमलेली असशील. कपभर दूध घे आणि झोप. काय लिहायचं ते रविवारी, नाश्त्यानंतर.